भट्टीला न सुटणारे पाणी

कापूस खरेदी केंद्रावर गाडी लागली, की भावाच्या आधी ओलाव्याची गोष्ट निघते. ग्रेडर ओलावा मोजायचे यंत्र कापसात खुपसतो. काटा ८ टक्क्यांच्या आत राहिला तर पुरा भाव. पुढे सरकला की कपात. १२ च्या वर गेला तर गाडी परत. ओल म्हणजे पैसा, हे कपाशीवाल्याला कुणी शिकवावे लागत नाही. म्हणून तर तो वेचलेला कापूस अंगणात पसरतो, त्याला दोन उन्हे देतो आणि मग गाडी भरतो.

आता दुसरा एक माल पाहा. त्याचे नाव मद्यार्क, हल्लीच्या भाषेत इथेनॉल. त्यालाही ओलाव्याचा काटा लागतो, आणि तो आपल्या कापसाच्या काट्यापेक्षा कितीतरी कडक आहे. पेट्रोलमध्ये मिसळायचा मद्यार्क किमान ९९.५ टक्के शुद्ध लागतो. शंभर लिटरमागे जेमतेम अर्धा लिटर पाणी चालते. ९५ टक्क्यांचा मद्यार्क घेऊन गेलात तर तेल कंपनी भावात कपात करत नाही, ती तो घेतच नाही. आणखी एक गोष्ट. कापसाला ऊन दिले की ओल जाते. मद्यार्काला मात्र कितीही आग दिली तरी शेवटची ओल जात नाही. तिथे निसर्गानेच एक भिंत घातली आहे.

ही भिंत काय आहे, ती कशी ओलांडतात, आणि ओलांडण्याचे यंत्र कुणाच्या हातात आहे, हा आजचा विषय. विषय रसायनशास्त्रातला आहे म्हणून पान उलटू नका. शेवट ज्वारीच्या भावापाशीच होणार आहे.

कालव्याखालचे आणि कालव्यावरचे

बारामती-इंदापुरात बैठकीला येणाऱ्या कापूस-ज्वारीवाल्याला पहिल्यांदा दिसतो तो ऊस. नीरेचा डावा कालवा इथे १८८५ पासून वाहतो आहे. वालचंदनगरला १९३० च्या दशकात खासगी साखर कारखाना उभा राहिला. पुढे सहकार आला. आज माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा आणि शेटफळगढ्याचा खासगी कारखाना, अशी या दोन तालुक्यांत धुराड्यांची रांगच आहे. यांतल्या अनेकांच्या आवारात धुराड्याच्या जोडीला लोखंडी मनोरे दिसतात. साखर काढून उरलेल्या मळीचा मद्यार्क तिथे होतो.

पण याच बारामती तालुक्यात सुपे, मोरगाव, लोणी भापकर हा जिरायती पट्टाही आहे. तिथला शेतकरी आपल्यासारखाच आभाळाकडे पाहून तिफण धरतो. रब्बीची ज्वारी, थोडी बाजरी, दोन-चार शेरडे, हाच त्याचा संसार. मनोऱ्यातून निघणाऱ्या लिटरमागच्या रुपयांशी त्याचा संबंध काय? आजवर काही नाही. आणि नाही, हेच आमचे दुखणे आहे. कारण मद्यार्क काही फक्त उसाचाच होतो असे नाही. ज्यात साखर आहे किंवा पिठूळ दाणा आहे, त्या प्रत्येक पिकाचा तो होतो. ज्वारीच्या दाण्याचा होतो, गोड ज्वारीच्या ताटाचा होतो, मक्याचा होतो. केंद्राच्या २०१८ च्या जैवइंधन धोरणात गोड ज्वारीचे आणि खराब झालेल्या धान्याचे नाव काळ्यावर पांढरे लिहिलेले आहे. मग ज्वारीवाल्याला अडवतो कोण? थोडा निसर्ग अडवतो आणि बराचसा कायदा. आधी निसर्गाचे पाहू.

परक्या लग्नातला पाहुणा

परातीत पाणी उघडे ठेवले तर ते हळूहळू उडून जाते. प्रत्येक द्रवाचे कण असे हवेत निसटू पाहत असतात. या निसटण्याच्या जोराला शास्त्रज्ञ बाष्पदाब म्हणतात. २० अंश उष्णतेला पाण्याचा हा जोर पाऱ्याचे साडेसतरा मिलिमीटर असतो, तर मद्यार्काचा सुमारे ४४. तापवत गेले की जोर वाढतो. तो बाहेरच्या हवेच्या दाबाएवढा, म्हणजे ७६० मिलिमीटर झाला, की द्रव उकळतो. मद्यार्क ७८.३ अंशाला उकळतो, पाणी १०० ला. म्हणून आंबवलेली मळी तापवली की वाफेत मद्यार्क जास्त येतो आणि पाणी कमी. ती वाफ थंड केली की कडक अर्क मिळतो. हातभट्टीवाल्याचे आणि कारखान्याच्या मनोऱ्याचे तत्त्व एकच. मनोरा म्हणजे एकावर एक रचलेल्या अनेक भट्ट्या.

आता आकडे पाहा. वजनाने १० टक्के मद्यार्क असलेला द्रव उकळला, तर त्याच्या वाफेत सुमारे ५२ टक्के मद्यार्क येतो. एका उकळीत पाचपट! ५० टक्क्यांचा द्रव उकळला तर वाफेत ७७ येतो. ८० चा उकळला तर ८६. ९० चा उकळला तर जेमतेम ९१. आणि ९५.६ चा उकळला तर वाफेतही ९५.६ च. तिथून पुढे उकळा, थंड करा, पुन्हा उकळा, शंभर भट्ट्या एकावर एक रचा, आकडा हलत नाही. हे मिश्रण ७८.१५ अंशाला उकळते, म्हणजे शुद्ध मद्यार्कापेक्षाही किंचित आधी. पाणी आणि मद्यार्क जणू एकच द्रव असल्यासारखे एका प्रमाणात वर जातात आणि त्याच प्रमाणात खाली येतात. अशा मिश्रणाला ॲझिओट्रोप म्हणतात. हे नाव १९११ साली इंग्लंडच्या जॉन वेड आणि रिचर्ड मेरिमन या दोघांनी ग्रीक भाषेवरून पाडले. अर्थ एवढाच, की उकळूनही न बदलणारे.

असे का होते? राऊल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८८० च्या दशकात एक साधा हिशेब मांडला होता. मिश्रणात ज्याचे जेवढे कण, तेवढा त्याचा वाफेतला जोर. दहात चार कण मद्यार्काचे असतील तर शुद्ध मद्यार्काच्या जोराचा दहात चार हिस्सा. एकमेकांसारखे दोन द्रव असले तर हा हिशेब बरोबर बसतो. पाणी आणि मद्यार्क मात्र एकमेकांत हव्या तेवढ्या प्रमाणात मिसळत असले तरी एका स्वभावाचे नाहीत. शाळेच्या प्रयोगशाळेत ५० मिलिलिटर पाण्यात ५० मिलिलिटर मद्यार्क घाला. मोजपात्रात १०० भरत नाही, ९६ च्या आसपास भरते. म्हणजे इथे साधी बेरीज चालत नाही.

आपल्या ओळखीतली गोष्ट घेऊ. परक्याच्या लग्नाला एकटाच गेलेला पाहुणा काय करतो? अक्षता पडल्या की उठतो. भावकीतला मात्र बसून राहतो. पाण्याच्या कणांची आपसात घट्ट भावकी आहे. त्या गर्दीत मद्यार्काचा कण परका पडतो आणि आपल्या हिश्श्यापेक्षा जास्त जोराने वर निघतो. १० टक्क्यांच्या द्रवातून ५२ टक्क्यांची वाफ येते ती यामुळेच. आपल्या फायद्याचे आहे, इथवर ठीक. पण जसजसे पाणी कमी होत जाते, तसतशी गर्दी मद्यार्काची होते आणि परका पडतो तो पाण्याचा कण. मग तोही आपल्या हिश्श्यापेक्षा जास्त जोराने वर निघतो. ९५.६ टक्क्यांपाशी पाण्याचा हा जोर राऊलच्या हिशेबापेक्षा दुपटीहून जास्त झालेला असतो. तिथे दोघांची बरोबरी होते. ज्या स्वभावाने सुरुवातीला काम सोपे केले, त्याच स्वभावाने शेवटी वाट अडवली.

याच्या उलटीही जोडी असते. नायट्रिक आम्ल आणि पाणी यांची एकमेकांशी इतकी गट्टी आहे, की ६८ टक्क्यांचे मिश्रण १२०.५ अंशापर्यंत उकळतच नाही आणि तेही मग न बदलता उकळते. जोडी पटणारी असो वा न पटणारी, हिशेबाबाहेर फार गेली की भिंत उभी राहते.

भिंत ओलांडली कशी

कारखान्यात मळीपासून निघते ती रेक्टिफाइड स्पिरिट आकारमानाने ९५ टक्क्यांच्या आसपास असते. (वजनाने ९५.६ म्हणजे आकारमानाने सुमारे ९७. पण शेवटच्या दोन टक्क्यांसाठी वाफेचा खर्च फार वाढतो, म्हणून कारखाने थोडे अलीकडेच थांबतात.) औषधांना, रसायनांना ही स्पिरिट चालते. पेट्रोलला चालत नाही.

जिथे आग हरते तिथे दुसरी युक्ती लागते. जुनी युक्ती कळीच्या चुन्याची. चुनकळी पाण्याची तहानलेली असते. ती स्पिरिटमधले पाणी ओढून घेते आणि मद्यार्क सोडून देते. १९०२ साली सिडनी यंग या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने दुसरी युक्ती काढली. त्याने स्पिरिटमध्ये बेन्झीन घातले. बेन्झीन, पाणी आणि मद्यार्क या तिघांचा मिळून नवा ॲझिओट्रोप होतो. तो ६४.९ अंशालाच उकळतो आणि पाण्याला सोबत घेऊन निघून जातो. मागे राहतो तो कोरडा मद्यार्क. एक भिंत पाडायला दुसऱ्या भिंतीचा उपयोग! कैक वर्षे जगभर हीच रीत चालली. पण बेन्झीनने कर्करोग होतो हे कळल्यावर ती मागे पडली.

आजची रीत चाळणीची. आपण ज्वारी चाळतो तशीच, फक्त भोके डोळ्यांना दिसणारी नाहीत. झिओलाइट नावाच्या खनिजाचे गोळे असतात. त्यांच्या अंगातली भोके तीन अँगस्ट्रॉमची. एक अँगस्ट्रॉम म्हणजे एका सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. पाण्याचा कण २.८ चा, तो आत शिरून अडकतो. मद्यार्काचा कण ४.४ चा, तो बाहेरून सरळ पुढे जातो. स्पिरिटची वाफ या गोळ्यांनी भरलेल्या टाकीतून जाते आणि पलीकडून ९९.५ च्या वरचा मद्यार्क निघतो. टाक्या दोन असतात. एक पाणी पिते तेव्हा दुसरी वाळवतात, मग पाळी बदलते. म्हणजे भिंत चढायची नाही, तिला वळसा घालायचा. उकळीचा हिशेब बाजूला ठेवायचा आणि कणाच्या आकाराचा धरायचा.

पेट्रोलला एवढा कोरडा माल कशाला, असे विचाराल. पेट्रोल आणि पाणी मिसळत नाहीत हे सर्वांना माहीत आहे. मद्यार्काचे दोघांशीही जमते, पण पाण्याशी जास्त. टाकीत पाणी ठरावीक मर्यादेपलीकडे गेले, की मद्यार्क पेट्रोलला सोडून पाण्याच्या बाजूला जातो आणि दोघे मिळून तळाशी बसतात. गाडी बंद पडते. म्हणजे कोरडेपणाची अट खोटी नाही.

पेट्रोलशीही मद्यार्काची जोडी राऊलच्या हिशेबाबाहेरचीच. एकट्या मद्यार्काचा बाष्पदाब पेट्रोलपेक्षा पुष्कळ कमी, तरी तो १० टक्के मिसळला की मिश्रणाचा दाब कमी न होता उलट वाढतो. त्यामुळे तेल शुद्धीकरण कारखान्याला मूळ पेट्रोलमधले हलके भाग कमी करावे लागतात. तेल कंपन्यांच्या या अडचणी खऱ्या आहेत, हे आम्ही मान्य करतो. प्रश्न वेगळा आहे.

दुसरी भिंत

मनमाड आणि मिरज इथे २००१ साली पेट्रोलमध्ये मद्यार्क मिसळण्याचा पहिला प्रयोग झाला. म्हणजे सुरुवात महाराष्ट्रातच झाली. जानेवारी २००३ पासून नऊ राज्यांत ५ टक्के मिसळायचे ठरले. मग कित्येक वर्षे रखडपट्टी. १० टक्के गाठायला जून २०२२ उजाडले आणि त्यानंतर तीनच वर्षांत, २०२५ मध्ये, २० टक्के झाले. म्हणजे अडचण यंत्राची नव्हती. यंगची रीत १९०२ ची, चाळणीची रीतही जुनी. मनात आले तेव्हा तीन वर्षांत झाले, मनात नव्हते तेव्हा वीस वर्षे नाही झाले.

आणि मन फिरायला वेळ लागत नाही. ७ डिसेंबर २०२३ ला केंद्राने फर्मान काढले, की उसाच्या रसापासून इथेनॉल बनवू नका. का, तर साखर कमी पडेल. सरकारच्याच सांगण्यावरून कर्जे काढून उभारलेल्या टाक्या अर्ध्या हंगामात अडकल्या. आठवडाभरात फर्मान थोडे ढिले केले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पुढच्या हंगामासाठी मागे घेतले. गिऱ्हाईक एक, भाव ठरवणारा एक, मनाई करणारा एक, आणि तिन्ही ठिकाणी सरकार. अशा बाजारात उसासारख्या संघटित पिकाची ही गत, तर ज्वारीचे काय?

त्याच काळात मक्याचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. मक्याच्या इथेनॉलला २०२३-२४ च्या पुरवठा वर्षात लिटरला ७१ रुपये ८६ पैसे भाव दिला गेला, उसाच्या रसाच्या इथेनॉलला ६५ रुपये ६१ पैसे. कोरडवाहू मक्याला अचानक नवे गिऱ्हाईक मिळाले आणि बाजार चढला. गिऱ्हाईक आले की भाव येतो, त्यासाठी अनुदानाची भीक लागत नाही, हे यातून पुन्हा दिसले.

मग ज्वारीनेही त्याच रांगेत उभे राहावे काय? इथे आम्ही सरसकट हो म्हणणार नाही. हिशेब करू. एक क्विंटल धान्यापासून सुमारे ३८ लिटर मद्यार्क मिळतो. मक्याच्याच भावाने धरला तर त्याचे होतात सुमारे २,७३० रुपये. त्यातून वाफ, वीज, मजुरी, व्याज जायचे. मागे चोथा उरतो, त्याचे पशुखाद्य होते, त्याचे काही पैसे मिळतात. संकरित ज्वारीची २०२४-२५ ची हमी किंमत होती ३,३७१ रुपये. तेव्हा चांगल्या ज्वारीचा मद्यार्क करणे हा कुणालाच न परवडणारा धंदा आहे. मालदांडीचे तर नावच काढू नका, ती भाकरीसाठीच जन्मली आहे.

पण खरिपाची ज्वारी काढणीच्या वेळी पावसात सापडते, दाणा काळा पडतो, तेव्हा काय होते? हमी किमतीच्या केंद्रावर ती नाकारली जाते आणि व्यापारी मागेल त्या भावाने द्यावी लागते. काळ्या ज्वारीचा मद्यार्क पांढऱ्या ज्वारीएवढाच कोरडा होतो, चाळणीला दाण्याचा रंग कळत नाही. या पडलेल्या भावाखाली जमीन हवी असेल, तर ती इथे मिळू शकते.

दुसरी वाट गोड ज्वारीची, आणि ती आमच्या शेजारीच मळलेली आहे. बारामतीहून नीरा ओलांडली की फलटण. तिथे बी. व्ही. निंबकर यांनी १९६८ साली निंबकर कृषी संशोधन संस्था स्थापन केली. या संस्थेने गोड ज्वारीवर अनेक वर्षे काम केले, ‘मधुरा’ नावाचा संकर काढला. दाणा खायला, ताटाचा रस गुळाला किंवा मद्यार्काला आणि चिपाड जनावराला, असे तिहेरी पीक. उसाच्या पाण्याच्या फार थोड्या हिश्श्यात चार महिन्यांत ते निघते. एक टन ताटांमागे ४० लिटरच्या आसपास मद्यार्क धरतात. डॉ. अनिल राजवंशी यांनी तिथेच १९८० च्या दशकात सूर्याच्या उष्णतेवर मद्यार्क उकळण्याचा संच चालवून दाखवला. पुढे अशी चूल बनवली, की ती निम्मे पाणी असलेल्या मद्यार्कावर जळते.

निम्मे पाणी! वर दिलेले आकडे पुन्हा वाचा. १० टक्क्यांवरून ५० ला जायला एक-दोन उकळ्या पुरतात. खरा खर्च तिथून पुढचा आहे आणि शेवटचा भिंतीपलीकडचा. चुलीला भिंत ओलांडायची गरजच नाही. खेड्यातल्या साध्या संचात जेवढे होते तेवढ्यावरच भाकरी भाजता येते. मग त्या चुली घरोघर का पोचल्या नाहीत? चुलीत दोष आहे म्हणून नव्हे. परवान्याच्या जाळ्याविना मिळणारा इंधनाचा मद्यार्क बाजारातच नाही म्हणून. १९४९ च्या दारूबंदी कायद्याच्या नजरेत भट्टी म्हणजे गुन्हा, मग ती चुलीसाठी असो की पिण्यासाठी.

बायकांचा प्रश्न आणि आमचे उत्तर

इथे आमच्या बहिणी विचारतील, आणि त्यांनी विचारलेच पाहिजे: गावात भट्ट्यांना परवानगी मागता, मग दारूचे काय? दारूने संसार कसे उजाडले हे आम्हाला माहीत आहे. २००७ साली राज्य सरकारने धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना अनुदान देण्याचे धोरण आणले, तेव्हा महाराष्ट्रात उठलेला संताप खोटा नव्हता. तो पैसा बाटलीत जाणार होता.

म्हणून आम्ही घरोघर भट्टी मागत नाही. आम्ही मागतो ते गटाचे, कुलूपबंद, मीटर लावलेले केंद्र. रस आंबवला, उकळला, की त्याच टाकीत त्याला पिण्यास अयोग्य करणारे द्रव्य मिसळायचे. अशी द्रव्ये निवडतानाही बाष्पदाबाचाच हिशेब करतात. मद्यार्काच्या आगेमागे उकळणारे द्रव्य निवडले, की पुन्हा भट्टी लावून ते सहज वेगळे काढता येत नाही. ज्या गुणाने मद्यार्क कोरडा करणे अवघड केले, तोच गुण इथे राखणदार होतो.

मागणी कुणाकडे, काय

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २३ ऑक्टोबर २०२४ ला आठ विरुद्ध एक मताने निकाल दिला, की औद्योगिक मद्यार्कावरही राज्याला कायदा करता येतो. म्हणजे मुंबईने आता दिल्लीकडे बोट दाखवून मोकळे व्हायचे दिवस गेले. मंत्रालयाकडे आमच्या तीन मागण्या आहेत.

पहिली, कोरडे करण्याच्या टाक्या सर्वांना खुल्या करा. बारामती-इंदापूरसारख्या भागांत आणि राज्यभरच्या कारखान्यांत चाळणीचे संच उभे आहेत. उसाचा हंगाम संपला की कच्च्या मालाअभावी त्यांतले अनेक संच पुरेसे चालत नाहीत. गिरणीवाला जसा पायलीमागे दळणावळ घेतो, तसा लिटरमागे जाहीर दर घेऊन त्यांनी ज्वारीवाल्यांच्या गटाची स्पिरिट कोरडी करून द्यावी. हजार लिटर आंबवलेला रस वाहून नेण्यापेक्षा त्याची दीड-पावणेदोनशे लिटर निम्म्या कसाची स्पिरिट नेणे केव्हाही स्वस्त. भिंतीपर्यंतचे काम शेतकऱ्याने करावे, भिंतीपलीकडचे कारखान्याने. प्रत्येकाने स्वतःची भिंत फोडायला कोट्यवधींचे यंत्र आणण्याची गरज नाही.

दुसरी, शेतकऱ्यांच्या गटांना आणि कंपन्यांना इंधनाच्या मद्यार्कासाठी नोंदणी द्या, परवाना नव्हे. नोंदणी म्हणजे आम्ही सांगतो आणि काम सुरू करतो, तुम्ही तपासा. परवाना म्हणजे तुम्ही हो म्हणेपर्यंत ताटे वाळून जातात. गोड ज्वारीचा रस एक-दोन दिवसांत आंबतो, फाइल दोन वर्षांत हलत नाही.

तिसरी, कसाप्रमाणे भाव द्या. कापसात ८ टक्के ओलाव्याला एक भाव, १० ला थोडा कमी, असे चालते. मद्यार्कातही ५० च्या कसाला, ९५ च्या कसाला आणि ९९.५ च्या कसाला वेगवेगळा पण जाहीर भाव हवा. ५० चा चुलीला जाईल, ९५ चा रसायनांना किंवा कोरडा व्हायला, ९९.५ चा पेट्रोलला. आज एकच दार उघडे आहे आणि त्या दाराची उंची फक्त कारखान्याच्या मापाची आहे.

शेतकरी भावांनो आणि बहिणींनो, यातून ज्वारीला रातोरात सोन्याचा भाव येईल असे आम्ही म्हणत नाही. वरच्या हिशेबात तसे काही दिसत नाही. पण काळ्या ज्वारीचा तळ थोडा वर येईल, आणि ज्या रानात विहिरीला पाणी नाही तिथल्या ताटालाही कडब्यापलीकडे गिऱ्हाईक मिळेल. एवढे झाले तरी पुष्कळ आहे.

बैठकीला येताना एक काम करून या. गेल्या खरिपात आपल्या गावात किती क्विंटल ज्वारी काळी पडली, कोणत्या तारखेला, कोणत्या भावाने गेली आणि जवळच्या कोरडे करण्याच्या संचापर्यंत किती अंतर आहे, एवढे वहीत लिहून आणा. मंत्रालयात जाऊ तेव्हा हाच कागद पुढे ठेवायचा आहे. मद्यार्कातल्या शेवटच्या पाण्याने सगळ्या भट्ट्या हरवल्या, पण माणसाने त्याचा स्वभाव ओळखला आणि वळसा काढला. मंत्रालयाचा स्वभाव तर आपल्याला कधीचाच ओळखीचा आहे.